गाण्यांचे विक्रम आणि आपला हिशोब : वार वेगळा, मीटर वेगळा

अलीकडे दर पंधरा दिवसांनी वर्तमानपत्रात एक बातमी हमखास असते. अमुक गाणे चोवीस तासांत इतक्या कोटी वेळा पाहिले गेले आणि आजवरचे सर्व विक्रम मोडले. वाचणारा म्हणतो, वा! पण तराजू हाती धरून ज्याचे आयुष्य गेले त्या माणसाच्या मनात दुसराच प्रश्न येतो. हे मोजले कोणी, कशाने मोजले, आणि ज्या जुन्या गाण्याला मागे टाकले म्हणता ते याच मापाने मोजले होते काय?

व्यापाराच्या पानावर गाण्याचे काय काम, असे काही बांधव विचारतील. काम आहे. गाण्याचा विक्रम म्हणजे शेवटी मालाच्या खपाचाच आकडा. शिवाय आज आपल्या कापडबाजारात, शिलाईकामात, जरीकामात, दागिन्यांत आणि चप्पल-बुटांतही माल याच धर्तीच्या आकड्यांवर भरला जात आहे. म्हणून गाण्याचे उदाहरण घेऊन हा हिशोब एकदा समजून घेणे आपल्या फायद्याचे आहे.

प्रथम जुना हिशोब पाहू. १९५२ साली बी. व्ही. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. ऐकणारा मात्र कुठे जाणार? तो रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज बुधवारी रात्री आठ वाजता घराघरांत, त्याहून जास्त हॉटेला-हॉटेलांत ऐकू येऊ लागला. सयानींची तालीम आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशीच होती. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ हे पाक्षिक उर्दू, नागरी आणि गुजराती अशा तीन लिप्यांतून काढीत. अमीनभाई लहानपणापासून त्या कामात हात लावीत. तिन्ही लिप्यांतल्या वाचकाला कळेल अशी सोपी जबान त्यांना तेथेच मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते वारले.

सुरुवातीला सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पत्र पाठवायचे, अशी पद्धत होती. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, असे सयानी सांगत. इतकी पत्रे मोजणे अशक्य झाले तेव्हा पद्धत बदलली. देशभरातील रेकॉर्डविक्रेत्यांकडून खपाची माहिती आणि श्रोता संघांची पसंती यांचा मेळ घालून ‘पायदान’ ठरू लागली. वर्षभराचे गुण मिळवून वर्षाचे पहिले गाणे ठरे. १९५३ साली तो मान ‘अनारकली’तील गाण्याला मिळाला. १९६० साली ‘मुघल-ए-आझम’ची गाणी सर्वांच्या तोंडी असतानाही अव्वल ठरले ते ‘बरसात की रात’मधील महंमद रफींचे गाणे. तेव्हाही वाद होत असत. पण वाद घालणाऱ्या दोघांना माप एकच आहे हे ठाऊक असे.

ते माप निर्दोष होते काय? मुळीच नव्हते. रेकॉर्ड विकत कोण घेई? ज्याच्या घरी ग्रामोफोन तो. आपल्या वऱ्हाडात असे किती जण होते? एखादा सावकार, एखादा जिनिंगवाला, एखादे चालते हॉटेल. अकोल्याच्या कापूसबाजारात दिवसभर हमाली करून संध्याकाळी चहाच्या कपावर तीन गाणी ऐकणारा माणूस त्या हिशोबात शून्य होता. हॉटेलवाल्याने रेकॉर्ड एकदा घेतली, ती एकदाच मोजली गेली. पुढे ती हजार वेळा वाजली आणि पाचशे माणसांनी ऐकली, तरी खात्यावर आकडा एकच. पुढे कॅसेटचे दिवस आले. १९८० नंतर टी-सिरीजने स्वस्त कॅसेट पानठेल्यापर्यंत पोहोचवली. गल्लोगल्ली कॅसेट भरून देणारी दुकाने निघाली आणि चोरट्या कॅसेटही ढिगाने विकल्या गेल्या. त्या मालाची नोंद कोणत्या वहीत होणार?

आता नवा हिशोब. यात विक्री मोजलीच जात नाही, ऐकणे मोजले जाते. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले की एक आकडा पडतो. ज्याने ते शंभर वेळा लावले त्याचे शंभर आकडे. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर पूर्वी साडी विकली की एक नग लिहिला जाई. आता बाईने साडी जितक्या वेळा नेसली तितके नग लिहिले जातात. साडी तीच, आकडा पन्नासपट.

हा फरक वार आणि मीटरसारखा आहे असे आधी वाटते. १९५६ च्या कायद्यानंतर आपल्याकडे दशमान मापे टप्प्याटप्प्याने आली. आपल्या वडीलधाऱ्यांच्या वह्या वारात आहेत आणि आपल्या मीटरमध्ये. तरी दोन्ही वह्या ताडून पाहता येतात. शंभर वार म्हणजे एक्क्याण्णव मीटर आणि चव्वेचाळीस सेंटिमीटर. कारण दोन्ही मापे लांबीच मोजतात. गाण्याच्या बाबतीत तसे नाही. एक माप खरेदी मोजते, दुसरे वापर मोजते. त्यांच्यात नैसर्गिक भाव नाही.

वऱ्हाडच्या माणसाला हे कापसावरून लवकर कळेल. शेतकरी कापूस क्विंटलने विकतो. जिनिंगवाला रुई खंडीने विकतो, खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. गिरणी गाठी मोजते, गाठ १७० किलोची. एक क्विंटल कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी. याला आपण उतारा म्हणतो. कापसाचे क्विंटल आणि रुईचे क्विंटल एकाच रकान्यात लिहिणाऱ्या मुनिमाला कोणीही त्याच संध्याकाळी हिशोब देऊन घरी पाठवील. तरी उतारा निदान मशीनवर तपासता येतो. किती वेळा ऐकणे म्हणजे एक रेकॉर्ड विकणे, याचा उतारा कोणत्या मशीनवर काढणार?

अमेरिकेत तो कागदावर काढला गेला. तेथील ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाची यादी जगात सर्वांत मानाची. १९९१ पर्यंत दुकानदार आपल्याकडे काय खपते हे तोंडी किंवा फोनवर सांगत आणि त्यावरून यादी होई. गोदामात पडून असलेला माल ‘खपतो आहे’ असे सांगण्याचा मोह दुकानदाराला होत नसेल काय? १९९१ साली बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजणे सुरू झाले आणि यादीचा चेहराच बदलला. कंट्री आणि रॅप संगीत एकाएकी वर आले. लोकांची आवड एका रात्रीत बदलली नव्हती, तराजू बदलला होता. पुढे २०१४ च्या डिसेंबरात त्यांनी ठरवले की पंधराशे वेळा ऐकणे म्हणजे एक अल्बम विकणे. २०१८ मध्ये हा भाव पुन्हा बदलला. पैसे भरून ऐकणाऱ्यांचे साडेबाराशे, जाहिरातीसह फुकट ऐकणाऱ्यांचे पावणेचार हजार. म्हणजे उताराही कायम नाही, तो कार्यालयात बसून ठरतो.

याचे परिणाम पाहा. ४ एप्रिल १९६४ रोजी बीटल्स या इंग्रज चौकडीची पाच गाणी बिलबोर्डच्या पहिल्या पाच जागांवर होती. त्यासाठी लोकांना पाच वेगवेगळ्या रेकॉर्ड पैसे देऊन घ्याव्या लागल्या होत्या. २०१८ साली ड्रेक या गायकाची सात गाणी पहिल्या दहांत आली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टने दहाच्या दहा जागा घेतल्या. नवा अल्बम निघाला, ऐकणाऱ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून दिला, प्रत्येक गाण्याचा आकडा पडला. यात गायिकेचा काही दोष नाही. पण हे बीटल्सच्या विक्रमाशेजारी ठेवणे म्हणजे किरकोळ विक्रीशेजारी अख्खी गाठ ठेवणे होय. इंग्लंडमध्ये मार्च २०१७ मध्ये एड शीरनची सोळा गाणी पहिल्या वीसमध्ये आली, तेव्हा तेथील यादीवाल्यांनाच ते खटकले. त्याच वर्षी त्यांनी एका मुख्य कलाकाराची तीनच गाणी धरायची असा नियम केला. नियमाच्या आधीचा विक्रम आता कोण मोडणार? आणि मोडला नाही म्हणून तो थोर ठरला काय?

आपल्या देशातही हेच आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. अचलपूर, अकोटच्या खेड्यातला पोरगाही मोबाईलवर गाणी पाहू लागला. ‘सैराट’ त्याच वर्षी २९ एप्रिलला, म्हणजे जिओच्या चार महिने आधी आला. त्याच्या गाण्यांचे पहिल्या महिन्याचे आकडे आणि दोन-तीन वर्षांनंतर आलेल्या गाण्याचे पहिल्या महिन्याचे आकडे शेजारी ठेवले, तर आपण गाणी मोजतो आहोत की मोबाईल? यूट्यूबवर सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या भारतीय चित्रफितींत हरिहरन यांच्या आवाजातील, २०११ साली चढवलेली ‘हनुमान चालीसा’ आहे. तिचा आकडा तीनशे कोटींच्या पलीकडे गेला आहे. तेथे पहिल्या आठवड्याची धूम नव्हती, रोजची सकाळ होती. रोजचा खप आणि सणाचा खप यांत कोणता मोठा, हे किराणा दुकानदाराला विचारावे.

शिवाय पैशाचा प्रश्न आहे. जुलै २०१९ मध्ये बादशाह या गायकाच्या ‘पागल’ गाण्याला चोवीस तासांत साडेसात कोटी प्रेक्षणे मिळाल्याचे जाहीर झाले. त्यात जाहिरात म्हणून दाखवल्या गेलेल्या प्रेक्षणांचा भाग होता. जाहिरात देणे बेकायदा नव्हते, तेव्हाच्या चालीला धरूनच होते. पण यूट्यूबने तो विक्रम म्हणून पुकारला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम केला की चोवीस तासांच्या विक्रमात जाहिरातीची प्रेक्षणे धरायची नाहीत. म्हणजे सप्टेंबर २०१९ च्या आधीचे आणि नंतरचे आकडेसुद्धा एका रकान्यात बसत नाहीत. साठ वर्षांची तुलना तर दूरच राहिली.

नव्या पद्धतीच्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. ज्या हमालाला, विणकराला, रिक्षावाल्याला गीतमालेच्या हिशोबात जागा नव्हती, त्याचे ऐकणे आज मोजले जाते. त्याच्या कानाची किंमत शेठजीच्या कानाइतकीच धरली जाते. हा इन्साफ आहे आणि तो लहान नाही. पण नवे माप अधिक न्याय्य आहे म्हणून जुन्या वहीतले आकडे त्या मापात आपोआप बदलत नाहीत. ज्यांचे ऐकणे १९६० साली मोजलेच गेले नाही, ते आता कुठून मोजून आणणार?

म्हणून माझे मत साफ आहे. जुने आणि नवे विक्रम एका यादीत लावू नयेत. जुनी वही बेरीज करून बंद करावी, खाली रेघ मारावी आणि नवी वही नव्या मापाने सुरू करावी. एकाच काळातील गाण्यांची तुलना खुशाल करावी, कारण तेथे तराजू एक असतो. दोन काळांची तुलना करायचीच असेल तर एवढेच पाहावे की वीस-पंचवीस वर्षांनंतर लग्नाच्या बँडवर ते गाणे वाजते का. ती कसोटी दोन्ही काळांना सारखी लागू पडते.

आता आपल्या दुकानाकडे येऊ. अमरावतीत नांदगाव पेठ रस्त्यावरच्या घाऊक बाजारात हल्ली दलाल कापडाचा नमुना हातात देण्याआधी मोबाईल पुढे करतो. ‘सेठ, या डिझाइनच्या रीलला चाळीस लाख व्ह्यूज आहेत.’ एका दलालाला मी विचारले, भाई, यातले मीटर किती गेले? तो हसला. पुन्हा विचारले, परत किती आले? मग तो हसलाही नाही. चाळीस लाख जणांनी ताका उलगडून पाहिला, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पाहणाऱ्याने पैसे दिले नाहीत, कापूनही घेतले नाही. आपल्या दुकानात रोज किती गिऱ्हाइके ताके उलगडून जातात! त्यांच्या भरवशावर कोणी पेढी चालवली आहे काय?

ऑनलाइन विकणाऱ्या कारागीर बांधवांचीही हीच गत आहे. दहा वर्षे चोख काम करणाऱ्या कारागिराचे नाव खाली आणि काल आलेल्याचे वर, कारण त्याने जाहिरात घेतली. आकडा वर दिसला म्हणून त्याच्यासारखा हलका माल काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे.

कोणताही आकडा समोर आला तर चार प्रश्न विचारावेत. हे पाहणे आहे की घेणे? किती दिवसांचे आहे? यात पैसे देऊन मिळवलेले किती? आणि ज्याच्याशी तुलना करता तो याच मापाने मोजला आहे काय? चारही उत्तरे मिळाली तर माल भरावा. एकाचेही उत्तर देता आले नाही तर चहा पाजून दलालाला सन्मानाने निरोप द्यावा. आपल्या वडिलांनी गज हातात धरून धंदा शिकवला. गज जाऊन मीटर आला, मीटर जाऊन उद्या आणखी काही येईल. मोजण्याआधी माप तपासून घेण्याची त्यांची सवय मात्र सोडण्याचे काही कारण नाही.