साडेतेरा तास कुणाचे?

गेल्या हिवाळ्यात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी पुण्याहून पाचगणीला सायकलने गेले आणि त्याच दिवशी सायकलनेच परत आले. 200 किलोमीटर झाले. रात्री घरी पोचले तर थोरल्या जाऊबाईंचा फोन. कौतुक करायलाच केला होता. पण त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग दिवसभर घरी जेवणाचं काय केलंस गं?"

मला राग आला नाही. कारण त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यातच माझे तयारीचे तीन महिने गेले होते. घाट चढणं त्यामानाने सोपं होतं.

या सायकलफेरीला 'ब्रेव्हे' म्हणतात. तिचे नियम 1904 साली स्थापन झालेल्या पॅरिसच्या एका सायकल क्लबकडून आले आहेत. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 600 चाळीस तासांत. ही शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत आला तो प्रत्येक जण सारखा. वाटेत ठरलेल्या ठिकाणी आपल्या कार्डावर शिक्का घ्यायचा, पंक्चर आपलं आपण काढायचं. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे अंतर आणि वेळ बायका-पुरुषांना एकच. हे साधं वाटेल, पण नाही. रस्त्यावरची सायकल शर्यत पुरुषांसाठी 1896 च्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये होती. बायकांना ती मिळायला 1984 साल उजाडलं, आणि तेव्हाही पुरुषांना 190 किलोमीटर आणि बायकांना 79. यांना एवढं झेपणार नाही, हे आधीच ठरवून टाकलेलं!

तर इथे नियम समान आहे. मग सकाळी सहाला कात्रजजवळ जमलेल्या साठ-सत्तर जणांत आम्ही पाचच जणी का होतो? त्यातही तिघी अविवाहित, एकीची मुलं शिकायला परगावी, आणि पाचवी मी.

उत्तर सरावाच्या वेळेत आहे. 200 किलोमीटर झेपायचे तर आठवड्यातून तीन दिवस पहाटे दोन-दोन तास आणि रविवारी पाच तास सायकल चालवावी लागते. आमच्याकडे नळाला पाणी येतं पहाटे साडेपाचला. सासूबाईंना इन्सुलिन द्यायचं सातला, डबे साडेसातला. सोबतच्या एका गृहस्थांना मी विचारलं, "रविवारी तुमच्या घरचं कोण बघतं?" त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "मिसेस असते ना घरी." माणूस सज्जन. वाटेत माझी उतरलेली चेन त्यांनीच बसवून दिली. पण त्यांच्या साडेतेरा तासांच्या मागे कुणाचे तरी आणखी साडेतेरा तास उभे आहेत, हे त्यांच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

आमच्याकडे यावर तीन आठवडे भांडण झालं. "मी तुला मदत करीन," असं नवरा म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, "मदत नको, काम वाटून घे." पाणी, इन्सुलिन आणि सकाळचे डबे त्याच्याकडे गेले. पहिल्या आठवड्यात दोनदा पाणी भरायचं राहिलं. मी ओरडले नाही आणि उठून भरलंही नाही. हे दुसरं जास्त कठीण होतं.

आता रस्त्याबद्दल. खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ करत खंबाटकीचा घाट चढलो. सुरूरला हमरस्ता सोडून वाईला आलो. वाईहून पसरणीचा घाट लागतो. दहाएक किलोमीटरमध्ये सुमारे सहाशे मीटर चढायचं. ऊन डोक्यावर आलेलं आणि माझ्या पोटऱ्यांत गोळे. कारण स्वच्छ होतं. शिरवळनंतर मी पाणी जवळजवळ प्यायलेच नव्हते. प्यायलं की जावं लागणार, आणि जायचं कुठे? पुरुष रस्त्याकडेला उभे राहतात. आपण प्रवासाला निघताना पाणी न पिण्याचं शिक्षण लहानपणापासून घेतलेलं असतं. साठ किलोमीटरच्या एसटी प्रवासात ते चालून जातं, घाटात पाय धरतात.

एका वळणावर उतरून पाय चोळत बसले होते. सरपणाचा भारा घेतलेली एक आजी थांबली. "एकटीच निघालीस व्हय, बाई? मालक कुठं हायेत?"

म्हटलं, "घरी आहेत, स्वयंपाक करताहेत."

भारा डोक्यावर तसाच ठेवून ती मनापासून हसली. "मग जा की बिगीबिगी!" म्हणाली.

पाचगणीच्या शिक्क्याची वेळ संपत होती बारा चाळीसला. मी पोचले बारा पंचवीसला. शिक्का एका हॉटेलात होता. तिथे बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली मालकाकडे, मालक बाहेरगावी! शेवटी आम्ही दोघींनी पुरुषांच्या संडासाच्या दारात आळीपाळीने पहारा दिला. संयोजकांना हे सांगितलं तेव्हा ते ओशाळले. शिक्क्याची जागा ठरवताना चहा, पार्किंग, सावली सगळं पाहिलं होतं, हे पाहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. ठरवणाऱ्यांत बाई नव्हती.

परतीला खंबाटकीचा बोगदा, मागून ट्रकचे भोंगे, शिरवळच्या पुढे अंधार. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पोचले. वीस मिनिटं हातात होती.

कुणी म्हणेल, हे पोटभरल्यांचे छंद आहेत. थोडं खरं आहे. माझी गिअरची सायकल माझ्या महिन्याच्या पगारापेक्षा महाग आहे. आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या ताई रोज चौदा किलोमीटर साध्या सायकलवर येतात-जातात, त्याला कुणी खेळ म्हणत नाही. पण त्यांनीच मला सांगितलं, "सायकल घेतल्यापासून माझा एक तास वाचला." 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीने बायकांना सायकल शिकवायला घेतली, तेव्हा लाखभर बायका शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तर त्यांनी पुरुषांच्या सायकली चालवल्या, पुढच्या दांड्यावर पोरांना बसवून. पाण्याला, शेतावर, बाजारात जाण्यासाठी नवऱ्याची किंवा बसची वाट पाहणं संपलं. त्या ताई असोत, पुदुक्कोट्टईच्या बायका असोत की मी, प्रश्न एकच आहे. आपला वेळ आपल्या ताब्यात आहे का?

म्हणून नुसतं "बायकांनो, हिंमत करा" असं मी लिहिणार नाही. हिंमत आपल्यात आहे. संयोजकांनी शिक्क्याच्या प्रत्येक ठिकाणी बायकांसाठी उघडा, स्वच्छ संडास आहे हे स्वतः पाहून आधी जाहीर करावं, आणि मार्ग ठरवताना बायकांना सोबत घ्यावं. सरावाचे गट सगळे पहाटे पाचलाच का? एखादा दुपारचाही असावा. आणि घरात, निघण्याच्या आदल्या रात्री दोन वेळचा स्वयंपाक करून फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. मीही तो मोह मोठ्या कष्टाने आवरला.

जाऊबाईंना मी खरं ते सांगितलं. "पिठलं-भात केला होता त्यांनी. पिठल्यात गुठळ्या झाल्या होत्या, पण सगळे जेवले." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला गं शाळेत असताना यायची सायकल."

पुढच्या रविवारी त्या येणार आहेत. तुमच्यापैकी कुणाची सायकल कधी आणि का सुटली, तेही लिहून कळवा.