भेटीचा हक्क बापाचा की लेकराचा?

नवरा-बायको वेगळे झाले की आमच्या वस्त्यांमधून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. बाप म्हणतो, ‘पोरगं दाखवत नाहीत, मग पोटगी कशाला देऊ?’ आई म्हणते, ‘पोटगी देत नाही, मग पोरगं कशाला दाखवू?’ कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यात वर्षानुवर्षे हीच घासाघीस चालते आणि ज्याचे बालपण त्यात संपून जाते, त्या लेकराला कोणी विचारत नाही.

कायदा काय सांगतो ते पाहू. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ नुसार मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांबाबत न्यायालय आदेश देते. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम १३ मुलाच्या कल्याणाला सर्वोच्च स्थान देते. मुलाला आई आणि वडील दोघांच्याही मायेचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावले आणि दूर राहणाऱ्या पालकाशी व्हिडिओ कॉलवरून बोलणे व्हावे, असेही म्हटले. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे सूत्रही हेच आहे. सारांश, भेट हा प्रथम लेकराचा हक्क आहे आणि पोटगी हाही त्याच्याच पोटाचा प्रश्न आहे. एकाची किंमत म्हणून दुसरे अडवता येत नाही.

परंतु हक्क दोघांना सारखा दिला म्हणून परिस्थिती सारखी होत नाही. वर्षानुवर्षे तोंड न दाखवणारा बाप पोटगीचे वॉरंट निघताच भेटीचा अर्ज घेऊन उभा राहतो. आदेश होतो. ठरलेल्या शनिवारी आई मजुरी बुडवून, गाडीभाडे खर्चून मुलाला घेऊन येते आणि बाप येतच नाही! आदेशात भेटीची मुभा असते, न येणाऱ्याला जाब विचारणारी ओळ मात्र बहुधा नसते. ती ओळ आणि प्रवासखर्च आदेशात मागून घेतला पाहिजे.

आमच्या समाजाला भेडसावणारी आणखी एक बाब आहे. जातीच्या दाखल्यासाठी आजही प्रामुख्याने वडिलांकडचेच पुरावे मागितले जातात. बेपत्ता बापाने आपला शाळा सोडल्याचा दाखला दिला नाही तर लेकराची शिष्यवृत्ती आणि प्रवेश अडतो. आंतरजातीय विवाहातील मुलाची जात केवळ बापावरून गृहीत धरू नये, ते कोणत्या समाजात वाढले हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले. तरीही कार्यालयांचे हेलपाटे संपलेले नाहीत. पालकत्वात ही कागदपत्रे देणेही आले, हे न्यायालयापुढे ठामपणे मांडले पाहिजे.

दुसरी बाजूही सांगणे भाग आहे. आंतरजातीय विवाह मोडल्यावर काही सवर्ण आजोळे लेकराला दलित बापापासून लपवून ठेवतात, त्याचे नावही पुसू पाहतात. तो जातिद्वेषच आहे. मात्र जिथे मारहाण आहे, तिथे भेटीचा आग्रह नको. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम २१ अपायकारक भेट नाकारण्याचा आदेश दंडाधिकाऱ्याला देते.

बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी झुंज दिली आणि ज्याच्या विटंबनेनंतर १९५१ मध्ये मंत्रिपदावर लाथ मारली, त्यात पालकत्वाचाही भाग होता. आज १९५६ च्या कायद्याचे कलम ६ बापाला आधी आणि आईला नंतरच मोजते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये त्याचा अर्थ आईच्या बाजूने लावला, विधी आयोगाने २०१५ मध्ये दोघांना समान स्थान देण्याची शिफारस केली. कलमातील शब्द तसेच आहेत.

संसद बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपण काय करणार? सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मुलांच्या कर्तव्यांबरोबर आईबापाचीही कर्तव्ये सांगितली आहेत. प्रत्येक वस्तीत बुद्धविहार आहे. दोघांच्या संमतीने व न्यायालयाच्या परवानगीने भेटीची जागा म्हणून रविवारी दोन तास विहार खुले करा. महिला मंडळातील दोन जाणत्या भगिनी तिथे बसतील. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, मुलांना आणि अनुसूचित जातींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, ही पाटीही विहाराच्या दारावर लावा. पोलीस चौकीच्या बाकड्यावर बापाला भेटणारे लेकरू बापाला नव्हे, भांडणालाच भेटते.