विश्लेषण : महाग हेडफोनला महाग ॲम्प्लिफायरच लागतो?

पन्नास-साठ हजारांचा हेडफोन घेतलेला ग्राहक दुकानाबाहेर पडण्याआधीच त्याला दुसरी खरेदी सुचवली जाते. ‘एवढा चांगला हेडफोन घेतलात, आता त्याला साजेसा ॲम्प्लिफायर घ्या, नाहीतर पैसे वाया गेले समजा.’ साजेसा म्हणजे किती रुपयांचा, याचे ठोकताळेही तयार असतात. हेडफोनला घातले तेवढेच पैसे ॲम्प्लिफायरला घालावेत, असे छातीठोकपणे सांगणारे कमी नाहीत. हप्ते पाडून हा छंद जोपासणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या श्रोत्याला हा सल्ला चांगलाच महागात पडतो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. ॲम्प्लिफायर लागतो का आणि केवढा लागतो, हे ठरवायला हेडफोनच्या माहितीपत्रकातले दोन आकडे आणि ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर सहसा न छापलेला एक आकडा पुरतो. बाकी शाळेत शिकलेला ओहमचा नियम.

हेडफोनचे दोन आकडे कोणते?

पहिला इम्पिडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध. तो ओहममध्ये मोजतात. दुसरा संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर हेडफोन किती डेसिबल आवाज काढतो. खरेदीच्या गप्पांमध्ये चर्चा होते ती फक्त पहिल्याची. ‘तीनशे ओहमचा आहे, चालवायला अवघड’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येते. प्रत्यक्षात दुसऱ्या आकड्याशिवाय पहिल्याला फारसा अर्थ नाही.

बायरडायनॅमिकचा डीटी ८८० हा हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत मिळत आला आहे. एक मिलिवॅटला सुमारे ९६ डेसिबल, ही संवेदनशीलता तिन्हींची एकच. तेवढ्याच आवाजासाठी ३२ ओहमच्या प्रकाराला साधारण ०.१८ व्होल्ट लागतात, ६०० ओहमच्या प्रकाराला ०.७७. प्रवाहाचे गणित मात्र नेमके उलटे होते. पहिल्याला साडेपाच मिलिअँपिअरच्या वर प्रवाह लागतो, दुसऱ्याला सव्वा मिलिअँपिअरच्या आसपास. म्हणजे जास्त ओहमच्या हेडफोनला दाब हवा असतो, कमी ओहमच्या हेडफोनला ओघ. ‘अवघड’ हा शब्द दोघांनाही लागू शकतो, पण अडचण वेगळी असते आणि त्यावर चालणारा ॲम्प्लिफायरही वेगळा असतो.

इथे एक मेख आहे. काही कंपन्या संवेदनशीलता एका मिलिवॅटला देतात, काही एका व्होल्टला. तीनशे ओहमच्या हेडफोनसाठी या दोन आकड्यांत सुमारे ५ डेसिबलचा फरक पडतो, ३२ ओहमला जवळपास १५ डेसिबलचा. दोन हेडफोनची तुलना करताना एकक पाहिले नाही, तर सगळा हिशेब चुकतो. बारीक अक्षरातले ते एकक वाचण्यात अर्धा मिनिट जातो, आणि पुष्कळदा काही हजार रुपये वाचतात.

प्रत्यक्षात किती ताकद लागते?

दोन खरे हेडफोन घेऊ. सेनहायझरचा एचडी ६५० हा २००३ मध्ये आला आणि आजही अनेकांसाठी तुलनेचा मापदंड आहे. इम्पिडन्स ३०० ओहम, आणि एका व्होल्टला १०३ डेसिबल. संगीतातल्या सर्वांत जोरकस क्षणाला, क्षणभरासाठी, ११० डेसिबलपर्यंत जाण्याची सोय हवी असे धरले, तर त्याला सव्वादोन व्होल्टच्या आसपास लागतात. ताकदीच्या भाषेत सुमारे १७ मिलिवॅट.

दुसरा हायफायमॅनचा सुस्वारा. नाव मराठी कानाला ओळखीचे वाटेल. २०१७ मध्ये तो ६,००० डॉलरला बाजारात आला. इम्पिडन्स फक्त ६० ओहम, म्हणजे दुकानातल्या समजुतीप्रमाणे ‘सोपा’. पण संवेदनशीलता अवघी ८३ डेसिबल. त्याच ११० डेसिबलसाठी त्याला अर्धा वॅट लागतो, साडेपाच व्होल्ट आणि ९० मिलिअँपिअरच्या पुढे. एचडी ६५०च्या तीसपट. खऱ्या अर्थाने ॲम्प्लिफायरची गरज असलेला हेडफोन हा आहे. तरीही ६० ओहमला अर्धा-पाऊण वॅट स्वच्छपणे देणारा ॲम्प्लिफायर या हेडफोनच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यात मिळतो. बरोबरीचे पैसे घालण्याचा नियम इथेही टिकत नाही.

जाहिरातीतल्या वॅटचाही अर्थ लावावा लागतो. ‘३२ ओहमला १ वॅट’ असे लिहिलेला ॲम्प्लिफायर ३०० ओहमला साधारण १०० मिलिवॅटच देईल. हा आकडा पाहून ग्राहक बिचकतो आणि पुढच्या मॉडेलकडे वळतो. गरज १७ची होती, हे त्याला कोणी सांगत नाही.

स्टॅक्ससारखे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन या सगळ्या चर्चेबाहेर आहेत. त्यांच्या पडद्याला ५८० व्होल्टचा बायस लागतो. खास त्यांच्यासाठीच बनवलेला ॲम्प्लिफायर घेण्यावाचून तिथे इलाज नाही.

मग फोनचा अडॅप्टर पुरेल का?

ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनची खाच काढली आणि बोटभर लांबीचे अडॅप्टर घराघरांत आले. ॲपलचा यूएसबी-सी अडॅप्टर, युरोपात विकला जाणारा प्रकार सोडला तर, सुमारे एक व्होल्ट देतो. म्हणजे एचडी ६५० त्यावर १०३ डेसिबलपर्यंत जातो. (अनेक अँड्रॉइड फोनवर हाच अडॅप्टर कमी आवाज देतो. तो दोष अडॅप्टरपेक्षा फोनच्या आवाजनियंत्रणाचा आहे.)

हे पुरेसे आहे का, याचे उत्तर काय ऐकायचे यावर ठरते, आणि मराठी घरात हा प्रश्न कल्पनेतला नाही. आजच्या चित्रपटगीतात सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाज ठासून भरलेला असतो. त्याची सरासरी पातळी कमाल पातळीच्या आठ-दहा डेसिबलच खाली असते. एक व्होल्टवर असे गाणे नव्वदीच्या पुढे जाईल, कानाला नकोसे होईल इतके. याउलट काळजीपूर्वक केलेल्या शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणात विलंबित आलाप कमाल पातळीच्या २५ डेसिबल खाली असू शकतो, कारण वरची जागा तबल्याच्या थापेसाठी आणि तानेसाठी राखलेली असते. तोच एचडी ६५० आणि तोच अडॅप्टर असताना आलाप ७८ डेसिबलवर येतो आणि फोनवरची पट्टी वरच्या टोकाला टेकते. ख्याल ऐकणाऱ्याने तीन-चार व्होल्ट देणारा छोटा ॲम्प्लिफायर घेतला, तर तो खर्च समजण्यासारखा आहे. फक्त नवी गाणी ऐकणाऱ्याला त्याच हेडफोनसाठी त्याची गरज नाही. दुकानात मात्र ‘काय ऐकता?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि विचारलाच तर बजेटनंतर.

जुन्या खासगी मैफलींची, कॅसेटवरून उतरवलेली ध्वनिमुद्रणे ऐकणाऱ्यांनी तर आधी दहादा विचार करावा. त्यातली खरखर कोणताही ॲम्प्लिफायर काढू शकत नाही. चांगला असेल तर ती अधिक स्पष्ट ऐकवेल.

न छापलेला आकडा कोणता?

ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स. ॲम्प्लिफायरच्या आतही थोडा विरोध असतो आणि तो हेडफोनच्या विरोधाशी मिळून व्होल्टेजची वाटणी करतो. हेडफोनचा इम्पिडन्स सर्व स्वरांना सारखा असता तर काही बिघडले नसते, फक्त आवाज जरा कमी झाला असता. पण तो सारखा नसतो. एचडी ६५०चा इम्पिडन्स खर्जात, ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास, ५०० ओहमच्या घरात जातो. अशा हेडफोनला १२० ओहम आउटपुट इम्पिडन्सचा ॲम्प्लिफायर लावला की खर्ज बाकीच्या स्वरांच्या तुलनेत सुमारे एक डेसिबलने वर येतो.

‘व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा आवाज उबदार असतो’ या जुन्या समजुतीत तथ्य आहे, आणि त्याचा एक भाग या साध्या गणितात आहे. बॉटलहेड कंपनीचा, घरी स्वतः जोडायचा ‘क्रॅक’ हा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आणि एचडी ६५० ही जोडी शौकिनांमध्ये नावाजलेली आहे. क्रॅकचा आउटपुट इम्पिडन्स १२० ओहमच्या घरातच आहे. ती जोडी गोड वाटते, तर खुशाल घ्यावी. व्हॉल्व्हच्या रेडिओवर वाढलेल्या घरात त्या केशरी उजेडाचेही मोल असते. मात्र हाच ॲम्प्लिफायर सुस्वाराला लावला तर त्याला लागणारा प्रवाह मिळणार नाही. ज्याच्यामुळे पहिली जोडी जमली, त्याच्यामुळेच दुसरी फसते. त्यामुळे ‘सर्वोत्तम ॲम्प्लिफायर’ अशा याद्यांचा उपयोग मर्यादित आहे.

सर्वांत जास्त फटका बसतो तो कानात घालायच्या, अनेक ड्रायव्हर असलेल्या इअरफोनला. त्यांचा इम्पिडन्स काही स्वरांना पाच-सहा ओहमपर्यंत उतरतो आणि काहींना अनेक पटींनी चढतो. अशा इअरफोनला दहा ओहमचा आउटपुटही त्याचा मूळ स्वभाव बदलायला पुरतो. साधा नियम असा की आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा. १६ ओहमच्या इअरफोनसाठी हा आकडा २ ओहम येतो. तो खोक्यावर छापणे कंपन्यांना काही अवघड नाही. पंख्यावर, फ्रिजवर विजेच्या वापराचे तारे छापले जातात, तर इथे एक ओळ का नसावी? तोपर्यंत ज्या कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा नाही, तिला तो विचारावा. उत्तर आले नाही, तर दुसरा ॲम्प्लिफायर पाहावा.

महागड्या ॲम्प्लिफायरचा आवाज चांगला वाटतो, तो भास असतो का?

पुष्कळदा तो आवाजाच्या पातळीचा परिणाम असतो. दोन ॲम्प्लिफायरपैकी एकाचा आवाज अर्धा-एक डेसिबल जास्त असेल, तर कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘भरीव’ आणि ‘स्पष्ट’ वाटतो. दुकानातल्या तुलनेत पातळी मीटर लावून जुळवलेली नसते, आणि कोणता किती रुपयांचा हे डोळ्यांसमोरच असते. ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने १९८७ मध्ये पातळी जुळवून आणि नावे झाकून स्वस्त आणि अतिमहाग ॲम्प्लिफायर ऐकवले, तेव्हा श्रोत्यांची उत्तरे अंदाजपंचे दिलेल्या उत्तरांहून वेगळी ठरली नाहीत. ती चाचणी स्पीकरच्या ॲम्प्लिफायरची होती आणि तिच्यावर आक्षेपही घेतले गेले. पण पातळी जुळवून, न पाहता ऐकण्याची तयारी दाखवणारे विक्रेते आजही विरळाच.

हेडफोनच्या जगात हा वाद पेटवला तो २०११ मध्ये ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने. त्याने ‘ओ२’ नावाच्या ॲम्प्लिफायरचा आराखडा मोजमापांसह सर्वांसाठी खुला केला. सहज मिळणाऱ्या स्वस्त चिप, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि अर्ध्या ओहमच्या आसपास आउटपुट इम्पिडन्स. अनेक पट महाग यंत्रांना मोजमापात तो भारी पडू शकतो, हे त्याने दाखवले. २०१२ मध्ये हा माणूस गप्प झाला. आराखडा राहिला आणि त्यावरून बनवलेली यंत्रे जगभर विकली गेली. त्यानंतरच्या वर्षांत स्वस्त ॲम्प्लिफायरचा दर्जा इतका सुधारला आहे की, गरजेइतकी ताकद आणि कमी आउटपुट इम्पिडन्स एकदा मिळाला की पुढचे पैसे धातूचे कवच, नाव आणि दिखाव्याला जातात. ज्याला ते आवडते त्याने द्यावेत, पण ते आवाजासाठी दिले असे समजू नये. आवाजाचा बाज बदलायचाच असेल, तर विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ फुकट आहे. क्रॅकने वर आणलेला तो एक डेसिबल खर्ज तिथे दोन क्लिकमध्ये वर-खाली करता येतो.

ताकद जास्तच घेऊन ठेवली तर काय बिघडते?

संवेदनशील इअरफोनला ताकदवान ॲम्प्लिफायर जोडला की गाणे सुरू होण्याआधीच ‘सूं’ असा आवाज येतो. नॉब जरा फिरवला की एकदम मोठा, आणि अगदी खालच्या टोकाला डावा-उजवा कान सारखा वाजत नाही. महाग घेऊन वाईट ऐकण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे. गेन कमी करण्याचे बटण नसलेला टेबलावरचा ॲम्प्लिफायर अशा इअरफोनसाठी घेऊच नये.

मुख्य प्रश्न कानांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मुदत चार तासांवर येते. सुस्वारासारख्या हट्टी हेडफोनलाही सरासरी ८० डेसिबलसाठी अर्धा मिलिवॅट पुरतो. उरलेली सगळी ताकद क्षणिक उसळीसाठी असते. अनेक फोन आता आठवड्याभरात कानावर किती आवाज पडला याचा हिशेब ठेवतात आणि मर्यादा ओलांडली की सूचना देतात. मात्र फोननंतर वेगळा ॲम्प्लिफायर जोडला की त्याचा नॉब कुठे आहे हे फोनला कळत नाही, आणि ती सूचना येत नाही. नवा ॲम्प्लिफायर घरी आल्यावर नॉब शून्यावर ठेवून, हेडफोन डोक्यावर चढवण्याआधी गाणे सुरू करावे, आणि आवाज सवयीच्या पातळीला आला की नॉबवर पेन्सिलने खूण करून ठेवावी.