शब्द दिसला की काप!

मंडळी, हल्ली आक्षेपार्ह मजकूर झाकायचं, काढायचं किंवा माणसाकडे तपासायला पाठवायचं काम एआय एजंटला देताहेत. त्यासाठी त्याला लेखी सूचना असतात. त्या चांगल्या की वाईट हे 'किती शब्द पकडले' यावरून ठरवायला माझा साफ विरोध आहे.

एप्रिल २०२५ मध्ये सेन्सॉर बोर्डाने 'फुले' चित्रपटातून 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला सांगितले. (माणसांनी, बरं का!) या हिशेबाने १८५५ साली 'ज्ञानोदय'त आलेला मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध मथळ्यापासूनच उडेल. पण हेच शब्द शिवी म्हणूनही येतात, आणि ती काढलीच पाहिजे. तेव्हा परीक्षा जोडीने घ्या. शब्द तोच, एकदा शिवी, एकदा स्वतःची व्यथा. दोन्हींवर एजंट एकच बटण दाबत असेल, तर सूचना नापास.

आणि नमुने इंग्रजीतून भाषांतर केलेले नकोत. लातूर-नांदेडकडची आजी नातवाला लाडाने 'मुडदा बशिवला तुजा' म्हणते. ती धमकी ठरेल! उलट 'त्या वस्तीतली पोरं आपल्या गल्लीत नकोत' यात एकही शिवी नाही, म्हणून ते सुखरूप सुटेल.