लाडवांचा डबा

पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी यायची ठरली की इस्लामपुरातल्या आईची तयारी सातव्या महिन्यापासूनच सुरू होते. डिंक, खारीक, सुके खोबरे, खसखस, सुंठ, अळीव, बाळंतशेपा आणि चांगला गूळ. दक्षिणेकडील दिगंबर घर असेल तर डिंकाचे लाडू, गुजराती घरात काटलू, मारवाडी घरात सुंठ-अजम्याचे लाडू. जिन्नस निराळे असले तरी भरलेला डबा घरोघरी असतोच. आणि एखाद्या घरी लेक रुग्णालयातून रिकाम्या हातांनी परत येते.

असे आता क्वचितच घडते, असा आपला समज असतो. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सोळा बालके पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. देशाचा आकडा अठ्ठावीस होता. आपले राज्य पुष्कळ पुढे आहे, हे खरे. परंतु जन्मतःच मृत असलेली बालके या आकड्यांत धरलेली नाहीत, आणि ज्या घरचे बाळ गेले त्या घराला सरासरीचा काहीच उपयोग नसतो.

त्या डब्याचे पुढे काय होते, याविषयी कोणी बोलत नाही. बहुधा तो माळ्यावर जातो किंवा कामाला येणाऱ्या बाईंना देऊन टाकला जातो. लेकीच्या दृष्टीस पडू नये, हा हेतू चांगलाच असतो. हिशेब मात्र चुकतो. बाळ गेले तरी बाळंतपण झालेलेच असते. रक्त गेलेले असते, टाके असतात, कंबर धरलेली असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूधही येते, कारण बाळ नाही हे शरीराला ठाऊक नसते. हा दिवस फार कठीण, आणि याची पूर्वकल्पना तिला फारसे कोणी देत नाही. डॉक्टरांना विचारण्याचा संकोच या वेळी तरी बाजूला ठेवावा.

म्हणून डबा माळ्यावर टाकू नये, तो निवडावा. अळीव, बाळंतशेपा, शतावरी हे पदार्थ आपल्याकडे दूध वाढावे म्हणून देतात. ते काढून ठेवावेत. डिंक, खारीक, खोबरे, सुंठ, तूप हे आईच्या झिजलेल्या शरीरासाठी आहे. ते तिचेच आहे आणि तिला मिळालेच पाहिजे. मऊ भात, मुगाचे वरण, शाळूची ताजी भाकरी, हुलग्याचे गूळ घातलेले माडगे यांतले तिला जे लहानपणापासून आवडते ते कोणी न विचारता पुढे ठेवावे. “काय करू तुझ्यासाठी?” हा प्रश्न प्रेमाचाच असतो, पण त्या दिवसांत निवड करण्याचीही शक्ती माणसात उरत नाही.

भेटीला येणाऱ्यांचे बोलणे हा वेगळाच विषय आहे. “वय लहान आहे, पुन्हा होईल” हे एक वाक्य. दुसरे अधिक जड, कारण त्याला धर्माचा आधार दिला जातो: “रडू नकोस, आर्तध्यानाने कर्मबंध होतो.” तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि प्रियजनाच्या वियोगाचे चिंतन हा त्यांतला एक आहे, यात शंका नाही. परंतु हे ध्यान कोणाकोणाला होते हेही तेथेच सांगितले आहे. अव्रती गृहस्थाला होते, अणुव्रत पाळणाऱ्या श्रावकाला होते आणि महाव्रते घेतलेल्या प्रमत्तसंयत मुनीलाही ते पूर्णपणे चुकलेले नाही. मग पंधरा दिवसांच्या बाळंतिणीकडून आपण कोणत्या गुणस्थानाची अपेक्षा करतो?

जैन रामकथेतही हा प्रसंग आहे. लक्ष्मणाच्या निधनानंतर राम त्याचा देह खाली ठेवायला तयार होत नाहीत. त्याला स्नान घालतात, वस्त्रे नेसवतात, मुखाशी घास नेतात. सहा महिने असे जातात. पुढे देव येतात, पण तेही उपदेश करीत नाहीत. समोर वाळलेल्या झाडाला पाणी घालू लागतात, घाण्यात वाळू गाळू लागतात. हे पाहून राम स्वतःच भानावर येतात. दिगंबर परंपरेत त्यांचे निर्वाणस्थान आपल्याच राज्यातील मांगी-तुंगी मानले जाते. बलभद्रांना सहा महिने मिळाले. आपण सुनेला बाराव्या दिवशी “आता सावर” म्हणतो.

घरात दुःख दोघांना झालेले असते, पण वाटणी सारखी होत नाही. बाजारपेठेतील घर असेल तर तरुण बाप आठवड्याच्या आत दुकानात बसतो. लोक त्याला कठोर म्हणतात. वस्तुतः गल्ला, गिऱ्हाईक आणि उधारीची वही त्याच्या हातांना काम देतात, आणि त्या कामाच्या आधाराने तो दिवस ढकलतो. ती मात्र आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. सव्वा महिना चुलीजवळ जायचे नाही, हा रिवाज. त्यामागे विश्रांतीचा विचार होता आणि तो योग्यच होता. कुशीत बाळ असताना हातांना उसंत नसते. कुशी रिकामी असताना तोच रिवाज जाचक होतो. सुतकाचे नियम घराण्यागणिक वेगळे आहेत, ते वडीलधाऱ्यांनी ठरवावेत. परंतु ते संपल्यावर, डॉक्टरांची हरकत नसेल आणि तिला स्वतःला उठावेसे वाटत असेल, तर सासूबाईंनी वा आईने स्वयंपाकघराचे दार तिच्यासाठी उघडे ठेवावे. तिला कामाला जुंपणे हा याचा अर्थ नव्हे. कामाची सक्ती आणि कामाची मुभा यांतील अंतर घरातील मोठ्या बायकांना नेमके कळते.

सुरुवात बसून करण्याच्या कामांनी होते. ताटात तांदूळ पसरून निवडायचे, भाजी एकेक पान पाहून घ्यायची, पीठ चाळायचे. आपल्या स्वयंपाकघरात या कामांना यत्नाचाराचे अंग आहे. पाणी गाळल्यावर जिवाणीसुद्धा सांभाळून परत सोडायची असते. जिला आपला जीव वाचवता आला नाही, तिच्या हातून दिवसातून काही वेळा सूक्ष्म जीव जपला जातो. याने दुःख कमी होते असा दावा नाही. मात्र तेवढा वेळ हात आणि डोळे एका जागी राहतात. कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागतात, भाकरी वेळेवर उलटावी लागते, मिठाचा अंदाज घ्यावा लागतो. कधी मीठ दोनदा पडेल. त्या दिवशी कोणी काही बोलू नये.

आपल्या घरांतील आणखी एक गोष्ट अशा वेळी उपयोगी पडते, ती म्हणजे सूर्यास्तापूर्वीचे जेवण. संध्याकाळ ही या दुःखाची सर्वांत वाईट वेळ. डिसेंबरात सहाच्या सुमारास इस्लामपुरात अंधार पडू लागतो, म्हणजे चारच्या पुढे कोणीतरी उठून कणीक भिजवलीच पाहिजे. दुःख घड्याळ ओळखत नाही, चौविहार ओळखतो. हाती लाटणे असले की तो एक तास सरतो.

केंद्र सरकारने २०२२ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी, बाळ मृत जन्मल्यास किंवा जन्मानंतर लगेच दगावल्यास, साठ दिवसांची विशेष प्रसूती रजा मंजूर केली. घरातील सुनेच्या रजेचा आदेश कोणी काढत नाही, तो घरानेच काढायचा. दोन आठवडे उलटूनही ती जेवत नसेल, झोपत नसेल, किंवा जगणे नको असे बोलू लागली, तर ते स्वयंपाकघराने भरून निघणारे नव्हे. डॉक्टरांकडे न्यावे; शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

आणि एखाद्या दुपारी ती स्वतःच डब्याचे झाकण उघडील, एक लाडू फोडून अर्धा आईच्या हातावर ठेवील. तेव्हा आईने तो खावा. डोळ्यांना पाणी आले तर येऊ द्यावे.