ड्रॉपबॉक्समधली मुले

शाळा उघडून पंधरवडा होत नाही, तोच केंद्राच्या व्हॉट्सअॅप गटावर तो तक्ता येऊन पडतो. शाळेचे नाव, यू-डायस क्रमांक आणि शेवटच्या रकान्यात लाल रंगात एक आकडा: ड्रॉपबॉक्समध्ये शिल्लक विद्यार्थी. खाली एकच ओळ, ‘आजच्या आज निरंक करावे.’ कसे करावे, ते त्या ओळीत नसते. यंदाही तक्ता आला, यंदाही मुख्याध्यापकांनी त्याखाली अंगठे उमटवले आणि यंदाही आकडे जागचे फारसे हलले नाहीत.

याच नोंदींतून पुढे जिल्ह्याचा वर्गोन्नती दर निघतो, पुनरावृत्ती दर निघतो आणि दोहोंची बेरीज शंभरातून वजा केली की गळती. वाचकांना हे नव्याने सांगायला नको. पण आढावा बैठकीत छत्तीस जिल्ह्यांचा तक्ता पडद्यावर लागला की नेमके हेच विसरले जाते. गळती कोणी मोजत नाही, ती वजाबाकीत उरते. शाळा सोडलेले मूल, शेजारच्या जिल्ह्यात गेलेले मूल आणि कोणी ‘इम्पोर्ट’चे बटण दाबले नाही म्हणून लटकलेले मूल, अशी तिघे त्या एकाच बाकीत बसलेली असतात.

एका तालुक्याचा हिशेब मांडून पाहावा. आकडे कल्पित, रीत खरी. गेल्या वर्षी चौथीचा पट १०००. यंदा पाचवीत ९४०, त्यांतली १० पाचवीतच राहिलेली. चौथीत पुन्हा बसलेली ५. वर्गोन्नती ९३ टक्के, पुनरावृत्ती अर्धा टक्का, गळती साडेसहा टक्के, म्हणजे ६५ मुले. त्यांतली ३० जिल्ह्याच्या शिवेपलीकडच्या हायस्कुलात रोज सायकलने जातात, २५ ड्रॉपबॉक्समध्ये आहेत आणि १० खरोखर घरी आहेत. गटशिक्षणाधिकाऱ्यांना खुलासा मात्र ६५ जणांचा द्यावा लागतो. त्या दहांच्या घरी जाण्याऐवजी साधनव्यक्ती आठवडाभर पोर्टलवर बसून पंचवीस नावे शोधतात. शिवेपलीकडच्या तालुक्यात याच्या उलटी गंमत. ती ३० मुले तिथल्या अंशात मिळवली जातात, छेदात नसतात. वर्गोन्नती शंभरापुढे गेली की गळती शून्याखाली उतरते, आणि बैठकीत सत्कार त्या तालुक्याचा होतो.

जिल्ह्याजिल्ह्यांतल्या फरकाचा मोठा वाटा शाळांच्या रचनेत आहे. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी अशी विभागणी मानतो. महाराष्ट्रात मात्र पिढ्यानपिढ्या चौथीला एक आणि सातवीला दुसरा टप्पा पडत आला आहे. वाडीवस्तीवर चौथीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा, पाचवीपासून संस्थेचे हायस्कूल. कुठे सातवीपर्यंत गावात आणि आठवीला बाजारच्या गावी. ज्या जिल्ह्यात चौथीपर्यंतच्या शाळा अधिक, तिथे दाखले अधिक आणि दाखले अधिक तिथे लटकलेली मुले अधिक. शहरात एकाच आवारात प्राथमिक आणि माध्यमिक असे दोन यू-डायस क्रमांक असतात, मुख्याध्यापकही दोन. मूल व्हरांडा ओलांडून पाचवीत जाऊन बसते. संगणकात ते महिनाभर कुठेच नसते. एवढे लक्षात न घेता दोन जिल्ह्यांचे दर शेजारी शेजारी मांडायचे म्हणजे एसटीचे दोन आगार किती गाड्या बदलाव्या लागतात ते न पाहता तोलायचे.

खरी विसंगती पुढे आहे. कायद्याचे कलम ५ सांगते की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, लांबवताही येणार नाही. दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कागदी दाखल्याच्या काळात हे कलम निदान दाखवता तरी येत असे. आता मूल वर्गात बसते, पोषण आहार घेते, पुस्तके मिळवते; पण जुन्या शाळेने पोर्टलवर ते सोडल्याची नोंद केल्याशिवाय नव्या शाळेला पेन क्रमांक आणि जन्मतारीख टाकूनही उचलता येत नाही. सरल प्रणालीतही तेच, विनंती पाठवा आणि पलीकडच्या ‘अॅप्रूव्ह’ची वाट बघा. कायद्याने मोडलेली अडवणूक संगणकाने पुन्हा उभी केली. विनंती पंधरा दिवस पडून राहिली तर ती आपोआप मंजूर व्हावी, एवढा बदल प्रणालीला जड नाही.

दोष सगळा वरच्यांचा आहे असे मानणाऱ्यांनी थोडे आपल्या अंगणातही पाहावे. विनंती दाबून ठेवणारा हात आपल्याच व्यवसायबंधूचा असतो. कारण उघड आहे. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते, आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर सहावी ते आठवीच्या वर्गांत पट विसाच्या आत गेला की शिक्षकाचे पदच जाते. अशा वेळी गेलेली दोन-तीन नावे महिनाभर पटावर राहू द्यावीत असा मोह होतो. मोह समजतो, समर्थन होत नाही. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत काय उघड झाले आणि त्यानंतर किती वर्षे प्रत्येक शिक्षकाकडे संशयाने पाहिले गेले, हे ज्यांनी भोगले ते अजून सेवेत आहेत.

बीडचे उदाहरण आणखी वेगळे. संदर्भ दिनांक ३० सप्टेंबर. ऊसतोड टोळ्या हलतात त्या त्यानंतर, दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे ज्या दिवशी राज्य मुलांची छायाचित्रे काढते त्या दिवशी ती वर्गात असतात, आणि पुढचे पाच-सहा महिने कोपीत. शिक्षण हमी कार्ड घेऊन जे मूल कारखान्याच्या गावातल्या शाळेत बसते, त्याची तिथली हजेरी मूळ शाळेच्या प्रगती नोंदीत उतरण्याची सोपी वाट नाही. एप्रिलमध्ये वर्गशिक्षिका हजर दिवसांच्या रकान्यासमोर थांबते. खरे लिहावे तर मूल मागे राहील आणि तिलाच नोटीस येईल, खोटे लिहावे तर जिल्ह्याचा दर सुधारेल.

आता यात पाचवी-आठवीची भर. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने मागे ठेवण्याचा अधिकार राज्यांना दिला. महाराष्ट्राने ७ डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पाचवीला विषयाला ५० गुण, आठवीला ६०. ३५ टक्क्यांखाली राहिलेल्याला जादा मार्गदर्शन, दोन महिन्यांत पुनर्परीक्षा, तरीही नापास तर तोच वर्ग. कागदावर तरतूद ठीक आहे. पण सुट्टीत हे जादा मार्गदर्शन कोण करते? आणि पुनर्परीक्षेच्या निकालाआधी पोर्टलवरची प्रगती नोंद भरून ‘फायनल’ करण्याचा तगादा लागला, तर जे मूल जूनमध्ये सुटले ते नोंदीत एप्रिलचेच राहते.

त्याहून गंभीर म्हणजे, मागे ठेवलेल्यांचा आकडा शून्य दाखवणारा तालुका आज शहाणा ठरतो. जिथे एखाद्या मुख्याध्यापिकेने प्रामाणिकपणे चार मुले थांबवली, तिथे विस्तार अधिकारी दारात. त्या चार मुलांच्या मार्गदर्शन वर्गाची चौकशी करायला मात्र कोणी येत नाही. २०१० पासून दशकभर आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचेच नव्हते, तरी त्या वर्षांतही यू-डायसमध्ये पुनःप्रविष्ट दिसतच होते. दीर्घ गैरहजेरीनंतर परतलेली, नाव पुन्हा दाखल झालेली मुले. आता त्याच रकान्यात परीक्षेत नापास झालेलेही येऊन बसतील. दोघांना वेगळे करणारा रकाना हवा. तो नसेल तर पुनरावृत्ती दरावरून जिल्ह्यांची क्रमवारी लावणे थांबवा.

राज्य स्तरावरच्या अधिकाऱ्यांनी हे कधी करायचे ते करोत. दरम्यान मुख्याध्यापक बंधू-भगिनींनो, तुमच्याकडे अडकलेल्या विनंत्या या आठवड्यात मोकळ्या करा. दाखला दिला त्याच दिवशी पोर्टलवर नोंद करा. आणि आणखी एक काम. आपल्या शाळेचे चार आकडे वेगवेगळे लिहून काढा: ड्रॉपबॉक्समधली मुले, त्यांतली नवी शाळा नक्की ठाऊक असलेली, खरोखर घरी बसलेली, आणि पाचवी-आठवीत पुनर्परीक्षेनंतर थांबवलेली. ३० सप्टेंबरच्या आत हे आकडे केंद्राकेंद्रांतून एकत्र करून आमच्याकडे पाठवा. शाळेचे नाव छापले जाणार नाही. डिसेंबरच्या अंकात ते तालुकावार येतील, शेजारी पोर्टलवरचा दर असेल.