हरवलेलें खेडें कीं विकलेलें शेत?

लंडन शहराच्या पोटांत एके काळीं खेडीं नांदत होतीं, ही गोष्ट सांगणारें व्हिक्टोरियाकालीन पायीं भटकंतीचें वाङ्मय रसिक मोठ्या आवडीनें वाचतात. हॅम्पस्टेड-हायगेटच्या टेकड्यांवरील विल्यम हॉविटचा ग्रंथ (१८६९), लंडनच्या परिसराची जेम्स थॉर्नची मार्गदर्शिका (१८७६), रिचर्ड जेफरीजचे निसर्गलेख (१८८३), हीं पुस्तकें आम्हीही वर्षानुवर्षें वाचीत व शिकवीत आलों आहों. आमची तक्रार या पुस्तकांविषयीं नाहीं. तीं वाचण्याच्या रूढ पद्धतीविषयीं आहे. काळाच्या ओघांत शेतें गेलीं, पायवाटा लोपल्या, असा एक सुस्कारा टाकला कीं वाचकाचें कर्तव्य संपतें! हा सुस्कारा आम्हांला खोटा वाटतो. इतकेंच नव्हे, तर सोईस्करही वाटतो.

हा काळ म्हणजे कोण? हॅम्पस्टेडचें माळरान पाहा. तेथील जमीनदार सर टॉमस मेरियन विल्सन यांनीं आपल्या जमिनीवर घरें उठविण्याची मोकळीक मिळावी म्हणून १८२९ पासून पार्लमेंटाचे उंबरठे झिजविले, आणि लोकांनीं तितक्याच चिकाटीनें त्यांना विरोध केला. त्यांच्या मृत्यूनंतर १८७१ सालीं सुमारें २२० एकरांचें तें माळरान ४५,००० पौंडांस सार्वजनिक मालकीचें झालें. उलट, जवळच्याच उतारावरील स्विस कॉटेजचीं शेतें वांचविण्याचा ऑक्टेव्हिया हिल यांचा प्रयत्न १८७५ सालीं फसला, व तेथें घरें उभीं राहिलीं. टेकडी एक, दशकही एकच. मग काळानें एक गिळावें व दुसरें सोडावें, असें कसें झालें? एक जमीन जनतेच्या हातीं आली, दुसरी आली नाहीं, एवढाच यांतला अर्थ.

एपिंगच्या अरण्याची कथा याहून बोधप्रद आहे. तेथील वांकड्यातिकड्या, जाड बुंध्यांच्या वृक्षांना फिरावयास जाणारे लोक निसर्गाची लीला समजतात. वस्तुतः पिढ्यान् पिढ्या गांवकऱ्यांनीं सरपणासाठीं फांद्या छाटल्या, त्यांतून हा आकार आला. तोच हक्क बजावल्याबद्दल १८६६ सालीं लाउटनच्या विलिंगेल घराण्यांतील माणसांनीं तुरुंगवास भोगला. पुढें लंडनच्या सिटी कॉर्पोरेशननें १८७४ सालीं दावा जिंकला, आणि १८७८ च्या कायद्यानें अरण्य वांचलें. पण छाटणीचा हक्क? तोही त्याच कायद्यानें मोबदला देऊन संपविला! फिरणाऱ्याला सावली लाभली. मोळीवाल्याचें सरपण गेलें. हा व्यवहार ज्याला दिसत नाहीं, त्याला त्या खेड्यांचा भूतकाळ दिसला असें आम्ही कसें म्हणावें?

वाढत्या शहराला घरें नकोत काय, असें कोणी विचारील. अवश्य हवींत. जुनें खेडें म्हणजे स्वर्ग होता, असा आमचा मुळींच दावा नाहीं. पण जें माणसांनीं ठरविलें, त्याचें खापर काळाच्या माथीं फोडूं नये. जेफरीजनें लंडनजवळच्या ओढ्यांतील एक मासा कित्येक ऋतु न्याहाळला, आणि गळ टाकणाऱ्यांना त्याचा थांग लागूं दिला नाहीं. मौनानें मासा कांहीं दिवस वांचतो. शेत मात्र वांचत नाहीं.

म्हणून आमची विनंती इतकीच कीं, हीं पुस्तकें दस्तऐवजाप्रमाणें वाचावीं. प्रत्येक शेताच्या वर्णनापाशीं थांबून विचारावें: हें कोणीं विकलें, कोणीं घेतलें, आणि आड कोण उभें राहिलें? मग सुस्कारा टाकण्यास फुरसत उरणार नाहीं.